ठोक्यांवर चालणारं यंत्र

धडा अर्धा राहिला

जबलपूरला गढा भागातल्या एका शाळेत मी हिंदी शिकवायचे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, हे आमच्या इथल्या सगळ्याच मराठी घरांचं आहे. त्या वर्षी दिवाळीनंतर मला ताप आला. ताप गेला, खोकला राहिला. मग वर्गात धडा वाचताना वाक्याच्या मध्येच श्वास संपायला लागला. एका दमात अख्खा परिच्छेद वाचणारी मी, स्वल्पविराम कधी येतो याची वाट बघू लागले.

ओळखीच्या डॉक्टरांनी दमा म्हणून औषध दिलं. मी ते निमूट घेत राहिले. झोपताना एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. संध्याकाळी चप्पल काढली की पट्ट्याचा वळ पायावर तसाच राहायचा. माझा नवरा प्रकाश इथल्या संरक्षण कारखान्यात आहे. एक दिवस तो घरी आला आणि माझ्या पायाकडे बघतच राहिला. त्याने घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला आणि भरला नाही.

"काहून सांगितलं नाही तू?"

"मला वाटलं, उभं राहून शिकवते, त्याने सुजून राहिले असतील."

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. ती करणारी मुलगी सुरुवातीला माझ्याशी गप्पा मारत होती, कुठल्या शाळेत शिकवता वगैरे. मग ती गप्प झाली. तेवढ्यावरून मला कळलं. पुढे डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला नाही, प्रकाशला सांगितलं, मी समोर बसलेली असताना. "भाईसाहब, इनका दिल फैल गया है. पंपिंग बहुत कम है."

हिंदीत बड़े दिलवाली म्हणजे उदार बाई. मला तेव्हा हसू फुटलं. प्रकाश माझ्यावर चिडला. डॉक्टरांना वाटलं, मला कळलंच नाही. कळलं होतं. तापाच्या विषाणूने हृदयाचा स्नायू खाल्ला होता आणि ते एखाद्या धुवून धुवून सैल झालेल्या बनियनसारखं झालं होतं. परत घट्ट होईल का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "कोशिश करेंगे." मी इतकी वर्षं मुलांचे पालक सांभाळले आहेत. "कोशिश करेंगे" कधी म्हणतात ते मला ठाऊक आहे.

तहान

औषधांनी थोडं बरं वाटायचं, पुन्हा पाणी साठायचं. शेवटी नागपूरला नेलं. शिवनीवरून जाणाऱ्या त्या रस्त्याने आम्ही लग्नकार्याला कितीदा गेलो असू. त्या वेळी मात्र मी मागच्या सीटवर बसूनच होते, कारण आडवं झालं की गुदमरायचं.

दवाखान्यातल्या दिवसांबद्दल कोणी विचारलं तर मला सुया आठवत नाहीत, तहान आठवते. पाणी मोजून मिळायचं. सकाळी उठलं की आधी वजन, मग लघवीचं माप, मग रक्त. दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरून ठेवलेलं. दुपारपर्यंत ती बाटली अर्ध्याखाली गेली की माझा जीव खालीवर व्हायचा. पाण्याची स्वप्नं पडायची. जबलपूरच्याच रांझी भागात आमच्या माहेरच्या क्वार्टरला सार्वजनिक नळ होता, त्याखाली तोंड लावून पितेय, असं.

वॉर्डात एक आयाबाई होत्या. त्या कुणी बघत नाही असं पाहून बर्फाचा एक खडा चमच्यात आणायच्या. "चोखा. गिळायची घाई करू नका." डॉक्टरांच्या हिशेबात तो धरलेला होता की नाही, मला माहीत नाही. त्या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं.

शेजारच्या पलंगावर सरोजताई होत्या. शिवनीच्या, तिथे त्यांचं किराणा दुकान. आजार तोच, फक्त त्यांना तो बाळंतपणापासून होता आणि त्यांची मुलगी आता कॉलेजात होती. इतकी वर्षं ओढलंय, हे ऐकून मला धीर आला. माझ्या तोंडावर तो दिसला असावा.

"खूश नका होऊ, दीदी," त्या म्हणाल्या. "एकेक दिवस काढावा लागतो."

दाण्याएवढं यंत्र

नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी आम्हा दोघींना एकाच दिवशी विचारलं. हृदयाच्या आत बसवायचं एक यंत्र आहे, त्याचा अभ्यास चालू आहे, मोजक्याच पेशंटमध्ये बसवतायत. शेंगदाण्याच्या दाण्याहून लहान. त्यात बॅटरी नाही. हृदय आवळलं की ते यंत्र किंचित वाकतं, त्या वाकण्यातून जराशी वीज तयार होते, आणि त्याच विजेवर ते आतला दाब मोजून बाहेर कळवतं. छातीवर एक चकती चिकटवायची, ती निरोप घेते आणि फोनवर पाठवते. आपल्या फोनवर आणि नागपूरला, दोन्हीकडे.

"याने बरं वाटेल?" प्रकाशने विचारलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "हे काही बरं करत नाही. फक्त आधी सांगतं. छातीत पाणी भरायला लागलं की यांना दम लागायच्या आधीच दाब वाढतो. तो आपल्याला दिसेल."

मी विचारलं, "म्हणजे ते माझ्याच ठोक्यांवर चालणार. ठोका थांबला की तेही थांबणार."

मॅडम म्हणाल्या, "हो."

मला बरं वाटलं. आजारी पडल्यापासून कोणीतरी पहिल्यांदा मला सरळ उत्तर दिलं होतं. मी हो म्हणाले. सरोजताई म्हणाल्या, "तुम्ही बसवाल तर मीपण."

बसवताना भूल नव्हती, फक्त मांडीजवळ बधिर केलेलं. खोली थंडगार. सगळ्यांच्या अंगावर ते जड शिशाचे झगे. नळी शिरेतून वर सरकत होती ते कळत नव्हतं, पण ती हृदयाला लागली तेव्हा छातीत मासोळी उलटावी तसं झालं. एकदा, दोनदा, मग पुष्कळदा. मॉनिटर वेडावाकडा वाजला. कोणीतरी शांतपणे म्हणालं, "थोडं मागे घ्या." त्या वेळी माझ्या डोक्यात देवाचं नाव आलं नाही. गॅसवर दूध ठेवलंय, असं वाटत राहिलं. घर तीनशे किलोमीटरच्या आसपास दूर होतं.

"किती?"

घरी आल्यावर मुलगी ऋचा पुण्याहून आली. तिची पहिली नोकरी होती. आधी म्हणाली, घरून काम करीन. मग कंपनीने परत बोलावलं तेव्हा तिने नोकरी सोडली, आणि मला सांगितलं नाही. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीतच.

फोनवर एक पट्टी दिसायची. हिरवी असली की ठीक, पिवळी झाली की सावध, लाल झाली की निघा. तिघांच्याही फोनवर ती होती. प्रकाशला कारखान्याच्या गेटवर फोन जमा करावा लागतो, त्यामुळे तो सुटला की गेटवर उभ्या उभ्याच आधी ती पट्टी बघायचा. सकाळी उठून चहाच्या आधी त्याचा पहिला शब्द, "किती?" झोप लागली का, नाही. कसं वाटून राहिलं, नाही. किती.

यंत्राने उपकार केले, ते नाकारणार नाही. दोनदा पट्टी पिवळी झाली तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं. नागपूरहून प्रणालीचा फोन आला. ही त्या अभ्यासाचं काम बघणारी मुलगी, आवाज नेहमी सर्दी झाल्यासारखा. तिने मॅडमना विचारून लघवीची गोळी वाढवली आणि पट्टी परत हिरवी झाली. एरवी मी दोन्ही वेळा भरती झाले असते.

पण घरात माझं असं काही उरलं नाही. जेवणात लोणच्याची फोड घेतली तर ऋचा ताटाकडे बघायची. एका दुपारी मी काहीच कारण नसताना रडले. शाळेतल्या बायकांनी माझ्या जागी आलेल्या नव्या मॅडमचा फोटो पाठवला होता, इतकंच. आकडा वर गेला असावा. ऋचा धावत आली.

"आई, क्या हुआ? साँस फूल रही है?"

"नाही गं. रडते आहे."

"रोओ मत ना, देखो कितना बढ़ गया."

मला रडायचीही चोरी झाली. मी तिच्यावर ओरडले, तीही ओरडली. संध्याकाळी प्रकाश आला आणि दोघींनाही काही न विचारता स्वतःच खिचडी टाकली, बिनमिठाची. त्या दिवशी आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता जेवलो.

सरोजताई

सरोजताईंचा दुपारी फोन यायचा. दुकानात गर्दी नसली की त्या गल्ल्यावर बसून बोलत. आम्ही आजाराचं फार बोलत नसू. त्यांना हिंग, गूळ, पोह्यांच्या जाती यांतलं सगळं कळायचं. मला फक्त ऐकायला आवडायचं. एक दिवस म्हणाल्या, "दीदी, माझी पट्टी काल लाल झाली. चाललो आम्ही नागपूरला. परत आल्यावर बोलू."

नंतर त्यांच्या नंबरावरून त्यांच्या यजमानांचा फोन आला. ते म्हणाले, "भाभीजी, मशीन ने तो बराबर बताया था. हम टाइम पे पहुँच गए थे."

ते वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं. कोणी त्यांच्यावर आरोप करत असल्यासारखं. यंत्राने सांगितलं, ते निघाले, पोचले, डॉक्टर धावले. कोणाचं काही चुकलं नाही, आणि त्या गेल्या. "हो, तुम्ही वेळेवर पोचलात," एवढंच मी म्हटलं.

ऋचाला मी सांगितलं नाही. तिला कळलं होतं. प्रणालीने तिला आधीच सांगितलं होतं.

सिग्नल नाही

मे महिना होता. दुपारी वीज गेलेली, कूलर बंद. मला थकवा होता, पण मेमध्ये जबलपुरात कोणाला नसतो? मी पलंगावर पडले होते. ऋचाच्या फोनवर पट्टीच्या जागी शब्द आले, सिग्नल नाही.

तिने चकती काढून नवी लावली. नाही. फोन बंद करून चालू केला. नाही. माझ्या फोनवर बघितलं. तिथेही नाही. तेवढ्यात प्रणालीचा फोन आला. ऋचाने तो स्पीकरवर टाकला.

"ताई जाग्या आहेत? बोलतायत?"

"हाँ, बोल रही हैं. ठीक हैं. मशीन ख़राब हो गई क्या?"

"त्यांचे पाय बघ. हात लाव. गरम आहेत की गार?"

ऋचाने माझे तळवे धरले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, भिंतीसुद्धा तापल्या होत्या. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की माझे पाय गार आहेत.

यंत्र बिघडलं नव्हतं. हृदय इतकं हळू आवळत होतं की त्या दाण्याला चालायला पुरेल एवढीही वीज होत नव्हती.

प्रकाशचा फोन गेटवर. ऋचाने कारखान्याच्या गेटला फोन लावून निरोप दिला आणि तो पोचायची वाट न बघता शेजारच्या चौबे भाभींना हाक मारली. भाभींनी हातातलं पीठ तसंच ठेवून गाडी काढली. मला दोघींनी खुर्चीवर बसवून उचललं. भाभींच्या हाताचं ओलं पीठ माझ्या बाहीला लागलं, ते वाळून कडक झालेलं मला आठवतं. त्यानंतरचं फारसं आठवत नाही.

आठवतं ते इथल्याच दवाखान्यातलं आहे, आणि वाईट आहे. घशात नळी, म्हणजे व्हेंटिलेटर. श्वास माझा नव्हता. मी घ्यायच्या आधीच कोणीतरी आत कोंबत होतं. नळी ओढून काढीन म्हणून दोन्ही हात पट्टीने पलंगाच्या दांड्याला बांधलेले. ओरडायला आवाज नाही. कोणी यायचं, माझ्या अंगावरून हात घालून सलाईन बघायचं आणि जायचं. मी डोळ्यांनी सांगायचे, हात सोडा. त्यांना वाटायचं, दुखतंय, आणि ते झोपेचं औषध वाढवायचे. ज्यांचं कोणी आत आहे त्यांनी एवढं तरी विचारावं, की हात बांधलेत का, आणि थोडा वेळ स्वतः हात धरून बसू द्याल का. बाकी मला कोणाला काही शिकवायचं नाही.

ऋचाने नंतर सांगितलं, की ती आणि प्रकाश बाहेरच्या बाकावर होते आणि आतून कोणीच काही सांगत नव्हतं. संध्याकाळी तिच्या फोनवर पट्टी परत आली. लाल होती. पण होती. ठोक्यांचा जोर वाढवायचं औषध लागू पडलं होतं. ती लाल पट्टी बघून प्रकाश, ज्याला मी त्याची आई गेली तेव्हाही रडताना बघितलं नाही, तो त्या बाकावर खाली बसून हुंदके देऊन रडला. डॉक्टर बाहेर यायच्या आधीच त्यांना कळलं होतं, की मी आहे.

यादीत

आता मला औषधांनी जेवढं मिळायचं तेवढं मिळून झालंय. हे मॅडमनी नागपुरात सरळ सांगितलं. दुसरं हृदय बसवायचं, त्यासाठी नाव लावलंय. फोन कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. येईलच असंही नाही.

हे फार विचित्र आहे. कोणाच्या तरी घरी रडारड होईल तेव्हा आमच्या घरी फोन वाजणार. शेजारच्या भाभी माझ्यासाठी ग्वारीघाटावर नर्मदेत दिवा सोडून आल्या. "जल्दी मिल जाए, यही माँगा," म्हणाल्या. मला त्यांना विचारावंसं वाटलं, कोणाचं? नाही विचारलं. त्यांनी पीठ टाकून गाडी काढली होती.

ऋचाला मी परत जायला सांगितलं. खूप भांडणं झाली. एकदा मी प्रणालीला चोरून फोन करून म्हटलं, ऋचाच्या फोनवरून ती पट्टी काढून टाक. प्रणाली म्हणाली, "ताई, ती म्हणेल तेव्हाच काढीन." आणि ऋचाला सांगितलंही. ऋचा माझ्यासमोर येऊन बसली.

"मुझे पता है, देखने से तुम बचोगी नहीं," ती म्हणाली. "पर मैं अंदाज़े पे नहीं जी सकती, आई. मुझे पता होना चाहिए. बस."

मग ती गेली. इंदूरला नोकरी मिळाली, पुण्यापेक्षा जवळ. पट्टी तिच्याकडे आहे. रोज सकाळी मी उठायच्या आधी ती बघते. आता मी त्यावरून भांडत नाही.

नळी

गेल्या रविवारी प्रकाश घरी होता. छातीवरची चकती बदलायचं काम तो करतो. जुनी काढायची, कातडी कोरडी करायची, नवी दाबून धरायची. तिथली कातडी आता लाल आणि पातळ झालीय, म्हणून तो फार जपून लावतो. तो दाबून धरून बसला होता तेव्हा मी म्हटलं, "अहो, ऐका. मला परत नळी नको."

"कसली नळी?"

"तीच. फोन यायच्या आधी मी परत तशी झाले तर नळी नाही लावायची. हात नाही बांधू द्यायचे. ऑपरेशनला लागली तर लागली, तेव्हाचं वेगळं. तशी नको."

"काहीपण बोलून राहिली तू." त्याने चकती सोडली आणि उठला. पिशवी घेतली आणि भाजी आणायला गेला. घरात भाजी होती.

तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा भेंडी घेऊन आला, धुतली, फडक्याने एकेक पुसली आणि स्वयंपाकघरात बसून चिरायला लागला. मी दारात स्टूल घेऊन बसले. उभं राहून बोलायला मला आता दम पुरत नाही. तो वर न बघता चिरत होता. पूर्वी असं झालं असतं तर मी विषय बदलला असता, त्याला चहा विचारला असता. त्या दिवशी मी बसून राहिले.

शेवटची भेंडी चिरून झाल्यावर त्याने सुरी खाली ठेवली.

"नळी नाही," तो म्हणाला. "ऐकलं मी."

मी मान हलवली.

"मॅडमना मी सांगीन. पण ऋचाला तू सांग. मला नाही जमणार."

मी फोन घेतला आणि तिला लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"क्या हुआ?"

"काही झालं नाही," मी म्हटलं. "मी ठीक आहे. दार लावून बस थोडी. बोलायचं आहे तुझ्याशी."